नाव घातलेलं ताट

वाशीम जिल्ह्यातल्या एका घरात मी पाच महिने राहिले. त्यातले पहिले अडीच महिने मी रोज एकटी जेवले. ही तक्रार नाही. तक्रार तेव्हाच करून झाली, तीही लेखी, आणि तिचं पुढे काय झालं तेच सांगायला बसले आहे.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, मराठी ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन कॅनडाला गेले त्याला चौतीस वर्षं झाली. तिथल्या एका इस्पितळात लकवा झालेल्या माणसांना पुन्हा उठायला-बसायला, घास तोंडाशी न्यायला शिकवायचं, हे माझं काम होतं. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की दिवसभरात आपण फक्त दुकानातल्या मुलीशी बोललो, आणि तेही ‘पिशवी नको’ एवढंच. आमच्या तिथल्या चर्चमधून निवृत्त माणसांना निरनिराळ्या देशांत सेवेला पाठवतात. त्यांच्या यादीत एका ठिकाणी मराठी येणारी व्यक्ती हवी होती. सगळे म्हणाले, तुझं काय, तू तर घरीच चाललीस. मलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे विदर्भात मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, आणि मुंबईच्या विमानतळावर मी परदेशी लोकांच्या रांगेत उभी होते.

निघण्याआधी आम्हांला दोन दिवस बसवून नियम शिकवले. ज्या घरात राहाल तिथे धर्माचा विषय काढायचा नाही. त्यांच्या चालीरीतींना हात लावायचा नाही. काही खटकलं तर वाद न घालता महिन्याच्या अहवालात लिहायचं. नियम चांगले होते. मी आयुष्यभर नियम पाळणारी बाई, मी तेही तंतोतंत पाळले. तसाच एक कागद, मी जिच्यासाठी काम करणार होते त्या वाशीमकडच्या संस्थेने, माझ्या घरमालकांनाही दिला होता, हे मला फार उशिरा कळलं.

घर शेलूबाजारपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावात होतं. सिमेंटचं, तीन खोल्यांचं, वर स्लॅब. घरात तिघं. भाऊ, म्हणजे घरधनी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांची बायको, जिला मी ताई म्हणायचे. आणि भाऊंची आई, जिला सगळं गाव माय म्हणायचं. मुलगा पुण्याला नोकरीला आणि मुलगी अकोल्याला दिलेली, म्हणून मुलाची खोली मला मिळाली. बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, दोन्हींना रोज ताजा हार. कुठल्या घरात आले आहे ते दारातच कळलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. का वाटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या संध्याकाळी माझ्यासाठी मुलाचं अभ्यासाचं टेबल बैठकीत आणून ठेवलेलं होतं, शेजारी प्लास्टिकची खुर्ची. साठी उलटलेल्या बाईला खाली बसवणार कसं, असा त्यांचा विचार. भाकरी, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात. तिघंही माझ्याभोवती बसली होती, कुणी खाटेवर, कुणी खाली. मी सवयीने डोळे मिटले, मान खाली घातली. तेवढ्यात भाऊ काहीतरी विचारायला लागले, भाजीत तिखट जास्त तर नाही ना, असं काहीसं. माझा नवराही असाच नेमका प्रार्थनेच्या मध्ये बोलायचा. मी डोळे न उघडताच हात वर केला, थांबा म्हणून. वर्षानुवर्षांची खोड. डोळे उघडले तेव्हा तिघंही गप्प झाली होती, आणि मी आपली जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टेबलाशी बसले तर बैठकीत कुणीच नव्हतं. टीव्ही बंद. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा ओढलेला. ताईंनी ताट ठेवलं, मान हलवली आणि पडद्याआड गेल्या. ताट कालच्यापेक्षा वेगळं होतं, कोरं करकरीत. पेलाही नवा. काठावर बारीक ठिपक्यांनी माझं नाव कोरलेलं होतं, पेल्यावरही तेच.

मी त्या नावाकडे बराच वेळ बघत राहिले. मनात पहिला विचार आला तो असा, की हे ताट दुसऱ्या कुणी चुकूनही घेऊ नये म्हणून खूण केली आहे. हा विचार माझ्या डोक्यात इतका तयार कसा होता, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. ते आता वाटतं.

तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्याही. सकाळ-संध्याकाळ मी टेबलाशी, समोर भिंत, शेजारी पडदा. शेवटचा तुकडा संपत आला की ताई बरोबर त्याच क्षणी पडद्यातून येऊन दुसरी भाकरी वाढायच्या. मी काही बोलायच्या आत आत जायच्या. पडद्याच्या फटीतून आपल्यावर नजर ठेवली जाते आहे असं मला वाटायला लागलं. हात धुऊन मी खोलीत गेले की पाच मिनिटांत टीव्ही सुरू व्हायचा. मग ताटल्यांचे आवाज, मायचं मोठ्याने बोलणं, भाऊंचं हसणं. मी भिंतीला टेकून ऐकत बसायचे. माझ्यात आणि त्यांच्यात एका विटेची भिंत होती.

बाहेर मात्र माझं बरं चाललं होतं. रोज आरोग्य खात्याच्या आशाताईंबरोबर जीपने किंवा ऑटोने आसपासच्या गावांत जायचं, लकव्याच्या माणसांच्या घरच्यांना शिकवायचं. कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, दाराच्या चौकटीवरून दोरी टाकून दुखरा हात चांगल्या हाताने कसा ओढून घ्यायचा. कॅनडात आमच्याकडे निरनिराळ्या आकारांच्या उशा असायच्या. इथे आम्ही पोत्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, भरून लोड शिवले, आणि ते त्या उशांपेक्षा सरस निघाले. बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. पुस्तकातल्यावानी बोलते म्हणायच्या. पण चहा करायच्या आणि माझ्याजवळ मांडीला मांडी लावून प्यायच्या. एका घरी तर लकवा झालेल्या म्हाताऱ्याने स्वतःच्या बशीतला अर्धा चहा मला देऊ केला, कारण तेवढा हात तो त्या दिवशी पहिल्यांदा वर करू शकला होता. तो चहा पिऊन मी परत यायचे, आणि घरी टेबलावर एकटं ताट वाट बघत असायचं.

विचारलं का नाही, असं कुणीही म्हणेल. मी मनातल्या मनात रोज विचारायचे. पण नियमाचा कागद आठवायचा, त्यांच्या चालीरीतींना हात लावायचा नाही. शिवाय उत्तराची भीती होती. आमच्या घरात ख्रिस्ती माणसाला बरोबर घेऊन बसत नाही, असं कुणी तोंडावर म्हणालं असतं तर मी कुठे जाणार होते? न विचारता निदान राहता तरी येत होतं.

आणखी एक गोष्ट होती. आल्यानंतर दहा-बारा दिवसांनी माय माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, कानाने धड, डोळ्याने धड, फक्त गुडघे गेलेले. मी तिच्या गुडघ्यांना तेल लावून व्यायाम दाखवत होते. तिने सरळ विचारलं, “बाई, तुमी खिरिस्ती होयाच्या आंदी कोन होते?”

मी म्हटलं, आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्तीच. आणि दुसरा पाय पुढे घ्यायला सांगितलं.

ते उत्तर खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. माझे आजोबा नगरकडच्या एका गावच्या महारवाड्यात जन्मले. शाळेत त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतत. पुढे मिशनच्या शाळेत गेले, तिथे पहिल्यांदा दुसऱ्या पोरांबरोबर एका ओळीत जेवले, आणि मोठेपणी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आमच्या घरात फक्त एकदा, आजोबांच्या मौतीच्या दिवशी, आत्याच्या तोंडून बाहेर पडली आणि पुन्हा कुणी काढली नाही. आम्ही ख्रिस्ती होतो, एवढं पुरत होतं. कॅनडात तर तेवढंही कुणी विचारत नव्हतं. बुद्धाची तसबीर बघून मला हायसं वाटलं ते यामुळेच. आणि तरीही मायला मी ते सांगितलं नाही. काय अडलं होतं माझं, देव जाणे.

सहा डिसेंबरला तिघंही पांढरे कपडे घालून विहारात गेली. जाताना ताई माझं ताट झाकून ठेवून गेल्या. मला या म्हणाल्या नाहीत. मला जायचं होतं. मी खिडकीतून पाहत राहिले, अख्खी गल्ली पांढऱ्या कपड्यांत चालत होती, आणि मी झाकलेल्या ताटावरची झाकणी काढून जेवले.

मग आला नाताळ. नाताळचं मी आधीपासून ठरवलं होतं की रडायचं नाही. सकाळी उठून बाहेर आले तर बैठक झाडून-पुसून लख्ख, टेबलावर धुतलेली चादर, तांब्यात झेंडूची फुलं आणि शेजारी मेणबत्त्यांचा न फोडलेला पुडा. ताटात शिरा-पुरी. घरात माणूस नाही. भाऊंनी वहीचं पान फाडून चिठ्ठी ठेवली होती, मास्तरांच्या वळणदार अक्षरात: आम्ही तिघं शेतात आहोत, दिवसभर येणार नाही, तुम्ही निवांत असा.

माय तर कधी शेतात जायची नाही. तिला मोटारसायकलवर बसवून, डबा बांधून घेऊन गेले होते. माझ्या सणाच्या दिवशी ही माणसं स्वतःचं घर सोडून गेली, इतकी यांना माझी अडचण होते, हे माझ्या मनाने घेतलं आणि मी बसले रडत. मेणबत्ती लावली नाही. शिरा खाल्ला, कारण उपाशी राहायची हिंमत नव्हती. खाताना काठावरचं नाव समोर होतं, माझंच.

त्या दुपारी मी फोनवर अहवाल लिहिला. इंग्रजीत. कामाबद्दल चार ओळी आणि मग: मला वेगळं ताट आणि वेगळा पेला दिला जातो, त्यांवर माझ्या नावाची खूण आहे, मला एकटीला जेवायला बसवतात, स्वयंपाकघरात घेत नाहीत. मला दुसरीकडे हलवावं.

एकही शब्द खोटा नव्हता. पण मी ते शब्द का निवडले ते मला ठाऊक आहे. एकटं वाटतं एवढं लिहिलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. वेगळं ताट, वेगळा पेला म्हटलं की वाचणारा दचकेल, हे मला पक्कं माहीत होतं. ते माझ्या आजोबांचं दुःख होतं आणि मी ते उचलून स्वतःच्या तक्रारीला चिकटवलं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. मी लिहिलं ते विसरलेही नव्हते आणि लक्षातही ठेवलं नव्हतं. जानेवारीच्या मध्यात एका दुपारी संस्थेचा समन्वयक मी घरी नसताना येऊन गेला. तरुण माणूस, कागदाला धरून चालणारा. त्याने माझ्या ओळी मराठीत करून तिघांना वाचून दाखवल्या आणि विचारलं, हे खरं आहे का?

मी पाचच्या सुमाराला परतले. ओट्यावर भाऊ बसलेले. रोज मला बघून उठायचे, त्या दिवशी उठले नाहीत. बैठकीतलं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पडदा काढून टाकलेला. मायने मला हाताने खाली बस म्हणून खुणावलं आणि समन्वयक काय वाचून गेला ते सगळं सांगितलं. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

“माह्या बापाले हाटेलात चाय बाहेर बसून भेटे,” ती म्हणाली. “कप बाहेरच्या खुट्टीले टांगून राहे. पिल्यावर त्यानंच धुवाचा अन् पुन्हा टांगाचा. वेगळं ताट काय असते ते आमाले नोको सांगू, बाई.”

तेव्हा ताई बोलल्या, अडखळत, जणू चूक त्यांचीच होती. पहिल्या दिवशी मी डोळे मिटले आणि हात वर केला. त्यांना वाटलं, आपण बोलतो त्याने हिची प्रार्थना मोडते. संस्थेच्या कागदावरही लिहिलेलं होतं, पाहुण्यांच्या प्रार्थनेची वेळ जपा. “प्रार्थना कवा सुरू होते ते समजे, पन कवा सरते ते आमाले काय मालूम? म्हनून तुमचं जेवन होयेपर्यंत आमी चूप बसत होतो. मायले खोकला आला तं ते पदर लावे तोंडाले.”

अडीच महिने तीन माणसं पडद्यामागे श्वास धरून बसली होती, भूक लागलेली, माझं जेवण आटपायची वाट बघत. विहारात मला बोलावलं नाही, कारण माझ्या धर्मात चालत नसेल अशी शंका. नाताळला घर मोकळं करून दिलं, कारण मोठ्या सणाला मोठी प्रार्थना असणार. त्या दिवशी मायला शेतात झाडाखाली थंडी भरली होती, हेही तेव्हाच कळलं.

आणि ताट? मी विचारलं. विचारायची लाज वाटत होती, पण विचारलं. ताईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. अडीच महिन्यांत मी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं तरी. भिंतीवर भांड्यांची मांडणी होती. ताटं उभी लावलेली. प्रत्येकाच्या काठावर ठिपक्यांचं नाव. मायचं, भाऊंचं, ताईंचं, पुण्याच्या मुलाचं, अकोल्याला दिलेल्या मुलीचं. मुलीच्या आणि मुलाच्या ताटांच्या मध्ये एक जागा रिकामी होती. माझं ताट तिथलं. त्या दिवशी ते स्वयंपाकाच्या ओट्यावर उपडं पडलेलं होतं.

ताई म्हणाल्या, नावं असतात, पण कोणीही कोणत्याही ताटात जेवतं. घरात माणूस आलं की त्याच्या नावाचं एक ताट करायचं, एवढंच. भाऊ मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेलूबाजारला जाऊन नाव घालून घेऊन आले होते. माझ्या आईच्या घरीही सगळ्या भांड्यांवर नावं होती. मी त्यात वाढले. आणि मला त्यात खूण दिसली.

मग मी बाहेर येऊन मायच्या पुढ्यात बसले आणि आजोबांचं सांगितलं. महारवाडा, ओंजळ, मिशनची शाळा, सगळं. दोन महिन्यांपूर्वी तिने विचारलं होतं त्याचं हे उत्तर. मला वाटलं ती जवळ घेईल. आपलीच निघालीस म्हणेल. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“मंग तं तुले माईत असाले पायजे होतं,” ती म्हणाली.

मी माफी मागितली. ताईंची, मायची, मग ओट्यावर जाऊन भाऊंची. भाऊ समोरच्या हरभऱ्याकडे बघत होते. तीस वर्षं या माणसाने गावोगावच्या शाळांत पोरांना एका ओळीत बसवून जेवू घातलं होतं. त्याच्या घरात बसून परक्या माणसाने कागदावरून वाचलं की तुम्ही वेगळं ताट देता. ते बोलले ते एकच वाक्य. “मॅडम, एकदा विचाराचं होतं.”

संस्थेने मला कारंज्याला खोली बघितली होती. मी गेले नाही. जाते म्हणाले असते तर कुणी अडवलंही नसतं, ते मला दिसत होतं. पण मला तिथेच राहायचं होतं आणि तसं मी त्यांना विचारलं. या वेळी विचारलं. माय म्हणाली राह्य. ताई म्हणाल्या, मॅडम, घरच आहे. भाऊंनी मान हलवली. मी दुसरा अहवाल लिहिला, पहिल्यातली तक्रारीची प्रत्येक ओळ चुकीची कशी होती ते लिहिलं, आणि भाऊंना मराठीतून वाचून दाखवला. त्यांनी मास्तरांसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ठीक आहे म्हणाले.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात जेवायला लागले, पाटावर, दुखरा गुडघा पुढे पसरून. मी डोळे मिटले की टीव्ही चालू असायचा, माय बोलत असायची, ताईंच्या तव्यावर भाकरी फुगत असायची. एकदा माझं आमेन व्हायच्या आधीच मायने माझ्या ताटात ठेचा वाढला. तुरीच्या ओल्या सोल्यांची, म्हणजे हिरव्या दाण्यांची, आमटी केली त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मजेत गेले ते दिवस, असं लिहायला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. ताटं आता सगळी एकमेकांत मिसळली होती. मी मुलीच्या नावाच्या ताटात जेवायचे, माय माझ्या ताटात, ताई मुलाच्या. फक्त भाऊंच्या वाट्याला माझं ताट आलं की ते काठ फिरवून नाव बघायचे आणि उठून मांडणीतलं दुसरं घ्यायचे. ताई दुसरीकडे बघायच्या. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं चुकून झालं असेल. मग मी मोजणं सोडून दिलं.

ते माझ्याशी वाईट कधीच वागले नाहीत. ऑटो मिळाला नाही की मोटारसायकलवर सोडायला यायचे. लकव्याच्या माणसांची विचारपूस करायचे. लोडांसाठी पोती त्यांनीच गोळा केली. पण मॅडमचं ताई झालं नाही, आणि पहिल्या संध्याकाळी भाजीच्या तिखटाबद्दल विचारायला पुढे सरकून बसले होते तसे ते पुन्हा कधी बसले नाहीत. चार माणसांत बसून जेवताना जे एकटेपण वाटतं, ते टेबलावरच्या एकटेपणापेक्षा जड होतं. ते माझ्या हातचं होतं.

मार्चअखेर निघाले. ताईंनी कुरडया बांधून दिल्या. मायने गालावरून हात फिरवला आणि गुडघ्याचे व्यायाम सोडणार नाही म्हणाली, खोटंच. मी धीर करून म्हटलं, ते ताट मी घेऊन जाऊ का? ताईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ माझी बॅग जीपच्या टपावर बांधत होते. त्यांनी दोरीची गाठ पुरी केली.

“ताट नाही भेटत,” ते म्हणाले. “ते घरचं आहे. तुमी येजा.”

येजा म्हणजे या, पुन्हा. तिकडे कुणालाही निरोप देताना असं म्हणतात. मी त्यातून जास्त काही काढायचं नाही असं ठरवलं. एकदा जास्त काढून पाहिलं होतं.

आता मी परत माझ्या घरी आहे. चार खुर्च्यांचं टेबल, त्यातल्या तीन नीट सरकवून ठेवलेल्या. जेवणाआधी डोळे मिटते तेव्हा मध्ये कुणी बोलत नाही. फ्रीजचा आवाज येतो. कधी कधी मी उगाचच थांबते, आमेन म्हणत नाही, कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून.

रविवारी ताई व्हिडिओ कॉल करतात. त्यांची संध्याकाळ, माझी सकाळ. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवतात, त्यामुळे अर्धं स्वयंपाकघर दिसतं आणि अर्धं छत. माय ओरडून बोलते, कारण मी फार लांब आहे. गेल्या रविवारीही तसंच. माझी नजर दर वेळेसारखी मांडणीकडे गेली. मुलीचं ताट होतं, मुलाचं होतं, मधली जागा रिकामी होती. मी विचारणार होते. तेवढ्यात ताई भाकरी वाढायला बाजूला झाल्या आणि मागे भिंतीशी बसलेले भाऊ दिसले, पाटावर, मान खाली घालून जेवत. वरण भातावर घ्यायला त्यांनी ताट जरासं फिरवलं आणि काठ उजेडात आला.

नाव वाचता आलं नाही, फोन तेवढा चांगला नाही. पण मांडणीत बाकीची सगळी ताटं होती. मी मोजली.